मूत्रपिंडाच्या पेशीला दोन बाजू असतात

आपली दोन मूत्रपिंडं दिवसाकाठी साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात. त्या द्रवात जवळपास दीड किलो मीठ असतं. यातलं ९९ टक्के पाणी आणि मीठ पुन्हा रक्तात परत जातं. लघवीवाटे बाहेर पडतं ते दीडेक लिटर पाणी आणि आपण दिवसभरात खाल्लं तेवढं मीठ, म्हणजे ८ ते १० ग्रॅम. शाळेपासून आपण मूत्रपिंडाला गाळणी म्हणत आलो, त्यामुळे किडनी फेल झाली म्हणजे गाळणी तुंबली, अशी समजूत घरोघरी पक्की झाली आहे. हा हिशेब नीट मांडला की कळतं, गाळण्याचं काम त्या मानाने सोपं आहे; ते रक्ताच्या दाबावर होतं. खरं अवघड काम गाळलेलं परत घेण्याचं. ते करणाऱ्या प्रत्येक पेशीला आपली कुठली बाजू नळीकडे आहे आणि कुठली रक्ताकडे, हे क्षणोक्षणी माहीत असावं लागतं. जीवशास्त्रात याला पेशीची ध्रुवता म्हणतात. मूत्रपिंडाचे किती आजार मुळात या ध्रुवतेचे आजार आहेत, आणि हे समजून घेतलं तर तालुक्याच्या दवाखान्यातही काय वेगळं करता येईल, याचा हा आढावा.

येवल्याची हातमागावरची पैठणी उलटी केली तरी तशीच दिसते. ती अस्सल असल्याची ही खूण, म्हणून जाणतं गिऱ्हाईक आधी पदर उलटून बघतं. मूत्रपिंडाच्या नळीतल्या पेशीची खूण याच्या बरोबर विरुद्ध: तिच्या दोन बाजू एकमेकींसारख्या असता कामा नयेत. रक्ताकडच्या बाजूला सोडियमचे पंप असतात. प्रत्येक फेरीला ते सोडियमचे ३ आयन बाहेर, रक्ताच्या दिशेने फेकतात आणि पोटॅशियमचे २ आत घेतात. यामुळे पेशीच्या आत सोडियमचं दुर्भिक्ष्य होतं. नळीकडच्या बाजूला वेगळी दारं असतात. त्यांतून नळीतलं सोडियम आपोआप आत ओढलं जातं आणि येताना साखर, अमिनो आम्लं, क्लोराइड सोबत आणतं. मीठ गेलं त्या वाटेने पाणीही जातं. दोन शेजारी पेशींच्या मध्ये घट्ट सांधे असतात, त्यामुळे एका बाजूचं प्रथिन घरंगळत दुसऱ्या बाजूला जात नाही आणि परत घेतलेलं पाणी फटीतून पुन्हा नळीत झिरपत नाही. हाच पंप दोन्ही बाजूंना सारखा वाटला गेला तर पेशी भरपूर ऊर्जा जाळेल आणि मीठ आहे तिथेच राहील. मूत्रपिंडांचं वजन शरीराच्या अर्धा टक्काही भरत नाही, तरी ती शरीराच्या प्राणवायूतला मोठा वाटा खातात. तो मुख्यतः या पंपांवर खर्च होतो.

रोजच्या औषधांमागेही हीच व्यवस्था आहे, पण गोळी घेणाऱ्याला ते क्वचितच कुणी सांगतं. अंगावरची सूज उतरवायला दिलं जाणारं लॅसिक्स नळीच्या आतल्या बाजूने काम करतं. पण ते रक्तात प्रथिनांना इतकं चिकटून असतं की गाळणीतून जवळजवळ उतरतच नाही. नळीच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी ते रक्ताकडच्या दाराने उचलतात आणि नळीकडच्या दाराने आत सोडतात. तिथून वाहत ते पुढच्या भागातल्या आपल्या लक्ष्यापाशी पोचतं. म्हणजे औषध पोचायलाच पेशीच्या दोन्ही बाजू शाबूत असाव्या लागतात. मधुमेहात आता सर्रास लिहून दिलं जाणारं डापाग्लिफ्लोझिनही साखर परत घेणाऱ्या नळीकडच्या दारावरच बसतं.

पेशीला आपली बाजू कळते कशी, याचं पहिलं ठोस उत्तर एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीकडून मिळालं. १९८८ साली केनेथ केम्फ्यूज आणि सहकाऱ्यांनी या कृमीत अशी जनुकं शोधली, जी बिघडली की फलित अंड्याची पहिलीच विभागणी चुकते. पुढची आणि मागची पेशी असा फरकच राहत नाही. या जनुकांना पार हे नाव मिळालं. पुढे फळमाशीत क्रम्ब्स आणि स्क्रिबल हे आणखी दोन गट सापडले. कृमीपासून माणसापर्यंत हीच मंडळी थोड्याफार फरकाने कामाला आहेत. त्यांची रीत एकमेकांना हाकलण्याची. वरच्या बाजूला पार-३, पार-६ आणि एपीकेसी नावाचं एक विकर जमतं. खालच्या कडेचं एलजीएल हे प्रथिन वर आलं तर एपीकेसी त्याला फॉस्फेटचा गट जोडतं आणि ते पटलावरून सुटतं. उलट पार-३ खाली उतरलं तर पार-१ त्याला तसंच पिटाळतं. सीमारेषा कुणी आखून दिलेली नसते; दोन्हीकडच्या या ढकलाढकलीतून ती तयार होते आणि टिकते. म्हणूनच ती टिकवायला सतत ऊर्जा लागते. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

या संशोधनात मराठी नावही आहे, आणि त्याची दखल आपल्याकडे फारशी कुणी घेतलेली नाही. महेंद्र सोनवणे जर्मनीत ट्युबिंगेनला नोबेलविजेत्या क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत होते. तिथे झेब्राफिश या माशाचा पेनर नावाचा एक बिघडलेला वाण त्यांनी अभ्यासला. २००५ साली छापून आलेल्या त्या कामातून दिसलं की बिघाड एलजीएल-२ या ध्रुवतेच्या जनुकात आहे. ते नसलं की त्वचेच्या तळच्या पेशींना खालच्या थराशी जखडणारे टाके तयार होत नाहीत, आणि पेशींच्या वाढीवरचा लगामही सुटतो. पुढे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांच्या गटाने एपीकेसी आणि एलजीएल यांची ही झटापट माशाच्या त्वचेवरच्या सूक्ष्म कंगोऱ्यांची लांबी कशी ठरवते, ते २०१६ साली दाखवलं. हे काम त्वचेवरचं आहे, मूत्रपिंडावरचं नाही. पण त्वचा आणि मूत्रपिंडाची नळी या दोन्ही ठिकाणच्या पेशी एकमेकींना बिलगून पत्रा बनवतात, आणि त्या पत्र्याची वरची-खालची बाजू ठरवणारं व्याकरण एकच आहे. झेब्राफिशच्या अळीचं मूत्रपिंड तर दोन नळ्यांपुरतंच असतं आणि पारदर्शक शरीरातून जिवंतपणी दिसतं, त्यामुळे मूत्रपिंडाच्या जगभरच्या अभ्यासात हा मासा आधीपासून आहेच.

त्याहून जुनी साक्षीदार म्हणजे एका कुत्रीची किडनी. १९५८ साली कॅलिफोर्नियात मॅडिन आणि डार्बी यांनी कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्रीच्या मूत्रपिंडातून पेशी वाढवल्या. त्यांची वंशावळ एमडीसीके या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत अजून चालू आहे. काचेच्या बशीत या पेशींचा एकसंध थर तयार झाला की दोन-चार दिवसांत त्यावर जागोजागी फुगवटे येतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर मधला भाग धूसर दिसतो आणि भिंग थोडं वर घेतलं की तोच स्पष्ट होतो, कारण तिथला थर बशीवरून उचलला गेलेला असतो. पेशींना शरीर नाही, रक्त नाही, नळी नाही. तरी त्या वरच्या द्रवातलं मीठ आणि पाणी उपसून आपल्या पायाखाली ढकलत राहतात आणि शेवटी स्वतःच फुग्यासारख्या वर येतात. या पेशींवर १९७८ साली एनरिके रॉड्रिग्ज-बूलान आणि डेव्हिड सबातिनी यांनी केलेला प्रयोग मला या विषयातला सगळ्यात देखणा वाटतो. त्यांनी या थराला दोन वेगवेगळ्या विषाणूंची लागण केली. इन्फ्लुएंझाचे नवे विषाणू फक्त वरच्या बाजूने बाहेर पडले आणि गुराढोरांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या दुसऱ्या विषाणूचे फक्त खालच्या आणि कडेच्या बाजूने. पेशीच्या आत मालाची विभागणी होते आणि प्रत्येक प्रथिनावर त्याचा पत्ता असतो, हे त्यातून डोळ्यांनी दिसलं. याच वंशावळीच्या पेशींत आज फ्लूची एक लसही तयार होते.

आता गर्भाकडे वळू. माणसाचं कायमचं मूत्रपिंड गर्भाच्या पाचव्या आठवड्यात आकाराला येऊ लागतं. एका नळीला एक कोंब फुटतो आणि तो शेजारच्या सैलसर ऊतीत शिरतो. कोंब फांद्या फोडत जातो आणि प्रत्येक फांदीच्या टोकाशी ऊतीतल्या काही पेशींना संदेश मिळतो. डब्ल्यूएनटी-९बी हा कोंबाकडून येणारा संदेश, आणि त्याला उत्तर म्हणून त्या पेशी स्वतः सोडतात तो डब्ल्यूएनटी-४. तोवर या पेशींना वर नसतं, खाली नसतं. त्या सैल भटकत असतात. संदेश मिळाला की त्या गोळा होतात, एकमेकींना धरतात, भोवती लॅमिनिन नावाच्या प्रथिनाचं अस्तर घालतात आणि त्या अस्तराकडे पाठ करून बसतात. १९८८ साली पीटर एकब्लोम यांच्या गटाने उंदराच्या गर्भातल्या मूत्रपिंडावर दाखवलं की या लॅमिनिनला प्रतिपिंडांनी अडवलं तर पेशी गोळा होतात, पण त्यांना बाजू येत नाही. बाजू आली की मधोमध पोकळी उघडते. ही पोकळी म्हणजे पुढच्या नळीचा पहिला बिंदू. मग गोळी लांबते, वळते, एक टोक कोंबाच्या फांदीला जोडून घेते, दुसऱ्या टोकात केशवाहिन्या शिरतात, आणि एक नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडाचं एक एकक, पुरा होतो. प्रत्येक मूत्रपिंडात असे सरासरी १० लाख नेफ्रॉन असतात, पण माणसामाणसांत हा आकडा २ लाखांपासून २० लाखांपर्यंत बदलतो.

हे काम गर्भाच्या ३६ व्या आठवड्याच्या सुमारास संपतं. त्यानंतर नवा नेफ्रॉन तयार होत नाही. बॅरी ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडलं की ज्यांना जन्मतः नेफ्रॉन कमी मिळतात त्यांना पुढे रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार जास्त होतात, कारण थोड्यांवर सगळ्यांचा भार पडतो. २००३ साली जर्मनीतून याला वजनदार पुरावा मिळाला. अपघातात दगावलेल्या माणसांची मूत्रपिंडं मोजली, तेव्हा रक्तदाब असलेल्यांत एका मूत्रपिंडामागे साधारण ७ लाख आणि तसा विकार नसलेल्यांत साधारण १४ लाख नेफ्रॉन भरले. अभ्यास छोटा होता, २० जणांचा, पण फरक दुपटीचा होता.

आपल्याकडे हा धागा थेट आईच्या ताटाशी जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं. त्या अभ्यासाचा रोख मधुमेहावर होता, मूत्रपिंडावर नव्हे. तरी कमी वजनाच्या आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांत नेफ्रॉन कमी असतात, हे अनेक देशांतल्या शवविच्छेदनांतून दिसलेलं आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांत गरोदरपणातलं कुपोषण हा पिढ्यांचा प्रश्न आहे. मोठेपणी त्या मुलाचा रक्तदाब वाढला तर डॉक्टर मीठ कमी करा म्हणतील, ते बरोबरच आहे. पण जन्माच्या वेळचं वजन विचारण्याची सवयही आपल्या डॉक्टरांना लागायला हवी, असं माझं ठाम मत आहे. केसपेपरवर एक ओळ जास्त लागेल, एवढंच.

आतापर्यंत वर आणि खाली या दिशेबद्दल बोललो. नळीतल्या पेशीला आणखी एक दिशा कळावी लागते: नळीच्या लांबीची. नळी लांब व्हायला हवी, जाड नको. त्यासाठी पेशी विभागते ती शक्यतो लांबीच्या रेषेत, आणि गर्भात तर पेशी एकमेकींच्या मध्ये सरकून नळी बारीक आणि लांब करतात. या दुसऱ्या ध्रुवतेची जनुकं वेगळी आहेत. त्यातलं व्हँगल-२ बिघडलं तर उंदराच्या मूत्रपिंडात फांद्याच कमी फुटतात.

या दिशेचा संबंध पॉलिसिस्टिक किडनीशी आहे का, हा गेल्या वीस वर्षांतला सगळ्यात रंगलेला वाद. या आजाराचा प्रौढांतला प्रकार ४०० ते १००० माणसांमागे एकाला असतो आणि आई किंवा वडिलांकडून येण्याची शक्यता निम्मी. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांत द्राक्षाच्या घडासारखे पाण्याचे फुगे दिसतात आणि चाळिशी-पन्नाशीत रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला लागतं. २००६ साली मार्को पोंतोलियो यांच्या गटाने दाखवलं की अशा आजाराच्या उंदरांत फुगे येण्याआधीच पेशींच्या विभागणीची रेषा भरकटलेली असते. उत्तर सापडलं असं सगळ्यांना वाटलं: विभागणी आडवी झाली, नळी फुगली, फुगा झाला. २००८ मध्ये फॅट-४ हे दिशेचं जनुक काढल्यावर उंदरांच्या मूत्रपिंडात फुगे आले, तेव्हा तर खात्रीच पटली. मग २०१० मध्ये उलटा पुरावा आला. मूळ आजाराचं पीकेडी-१ जनुक बंद केलेल्या उंदरांत नळी आधी फुगली आणि विभागणीची रेषा नंतर ढळली. दुसऱ्या एका वाणात रेषा ढळूनही फुगे आलेच नाहीत. २०१७ साली दिशेची गाभ्याची जनुकंच निकामी करून पाहिली, नळ्या वेड्यावाकड्या झाल्या, पण फुगे नाहीत. दरम्यान इटलीत पीकेडी-१ चं प्रथिन थेट पार-३ आणि एपीकेसीला धरतं आणि पेशींच्या सरकण्याला दिशा देतं, हे २०१३ मध्ये दिसलं.

या सगळ्यावरून मला वाटतं ते असं. विभागणीची दिशा चुकणं हे फुग्याचं मूळ कारण नाही. पण ज्या पेशीचं पीकेडी जनुक गेलं आहे तिची दोन्ही प्रकारची दिशा डळमळीत असते, आणि काही कारणाने नळी रुंदावू लागली की ती आवरण्याची ताकद तिच्यात उरत नाही. सोपं कारण सापडल्याचा आनंद विज्ञानात पुष्कळदा थोडे दिवसच टिकतो, आणि ते चांगलंच आहे. रुग्णाच्या हाती आज आलेलं औषध, टोलव्हॅप्टन, दिशेवर काम करत नाही. ते रक्ताकडच्या बाजूला असलेल्या, व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाच्या ग्राहकाला अडवतं आणि फुग्यांची वाढ मंदावते. त्याने लघवी आणि तहान प्रचंड वाढते आणि यकृतावर नजर ठेवावी लागते, म्हणून ते सरसकट सगळ्यांना देत नाहीत.

नेफ्रॉनच्या अगदी सुरुवातीला, जिथे रक्त गाळलं जातं, तिथल्या पेशीची ध्रुवता पाहण्यासारखी आहे. पोडोसाइट या पेशी केशवाहिनीला बाहेरून असंख्य पायांनी वेढतात. शेजारच्या दोन पेशींचे पाय एकमेकांत गुंफलेले असतात आणि मधल्या सुमारे ४० नॅनोमीटरच्या फटीवर नेफ्रिन नावाच्या प्रथिनाचा पडदा असतो. त्याचं जनुक १९९८ साली कार्ल ट्रिग्वासोन यांच्या गटाने फिनलंडमधल्या जन्मजात आजाराचा माग काढताना शोधलं. २००८ मध्ये कळलं की नेफ्रिन आतल्या अंगाने पार-३, पार-६, एपीकेसी या त्रिकुटाला धरून ठेवतं. पुढच्याच वर्षी पोडोसाइटमधून एपीकेसी काढलेले उंदीर काही आठवड्यांत प्रथिन गमावून मेले. २०१५ मध्ये क्रम्ब्स गटातल्या सीआरबी-२ च्या बिघाडामुळे मुलांना स्टेरॉइडला दाद न देणारा नेफ्रोटिक सिंड्रोम होतो, हे माणसांतच दिसलं.

नेफ्रोटिकचं मूल ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना सकाळी सुजलेले डोळे आणि फेसाळ लघवी सांगायला नको. बहुतेक मुलांत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंड अगदी निरोगी दिसतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पोडोसाइटचे पाय सपाट होऊन एकमेकांत मिसळलेले दिसतात. पेशी मेलेली नसते, तिने आपला आकार आणि बाजू सोडलेली असते. स्टेरॉइड लागू पडलं की काही आठवड्यांत पाय पुन्हा उभे राहतात आणि लघवीतलं प्रथिन थांबतं. २०२४ मध्ये युरोपातल्या मोठ्या अभ्यासात अशा पुष्कळ रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. गोळ्या कधी बंद होणार म्हणून हवालदिल झालेल्या आईबापांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण प्रतिपिंडांची पातळी पाहून उपचार कमीजास्त करण्याची वाट त्यातून निघू शकते.

काही आजारांत प्रथिन उत्तम बनतं, फक्त चुकीच्या दाराशी पोचतं. व्हॅसोप्रेसिनचा इशारा मिळताच पाण्याची वाट देणारं ॲक्वापोरिन-२ नळीकडच्या बाजूला यायला हवं. त्याच्या शेपटीत झालेल्या एका बदलाने ते रक्ताकडच्या बाजूला जातं, जाताना चांगल्या प्रथिनालाही ओढून नेतं, आणि रुग्ण लिटरच्या लिटर पाण्यासारखी लघवी करत राहतो. एई-१ हे बायकार्बोनेट रक्तात सोडणारं प्रथिन अमिनो आम्लांचे शेवटचे ११ दुवे गळाल्यामुळे नळीकडे जातं, तेव्हा रक्त आम्लयुक्त होतं, हाडं झिजतात, मुतखडे होतात. दोन्ही गोष्टी २००३ साली उलगडल्या. आणि नळीच्या याच शेवटच्या भागातल्या काही पेशी तर गरजेनुसार आपली बाजू बदलतात. सशांना आम्लयुक्त आहार दिला की बायकार्बोनेट नळीत टाकणाऱ्या पेशी ते परत घेऊ लागतात, हे कैस अल-अव्काती आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं.

आता नाशिक जिल्ह्यातल्या उन्हाकडे येऊ. एप्रिलमध्ये द्राक्षबागांची खरड छाटणी चालते. दिंडोरी, निफाडच्या बागांत पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुरांच्या टोळ्या सकाळपासून हात वर करून छाटत असतात. पाणी कमी पोटात जातं, घाम फार येतो, रात्री खांदे दुखतात म्हणून किराणा दुकानातून अंगदुखीची गोळी घेतली जाते. शरीरातलं पाणी घटलेलं असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा ज्या प्रोस्टाग्लँडिनवर टिकून असतो, तेच ती गोळी बंद करते. पावसाळ्यात भातलावणीच्या वेळी घोणस चावते आणि विषामुळे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. गॅस्ट्रोच्या साथीत जुलाब-उलट्यांनी रक्तदाब पडतो. कारणं निरनिराळी, पण नळीच्या पेशीपर्यंत पोचेतो सगळ्यांचा अर्थ एकच होतो: प्राणवायू कमी पडला.

मग काय घडतं ते १९८० च्या दशकाच्या शेवटी ब्रूस मोलिटोरिस यांनी उंदरांत टप्प्याटप्प्याने पाहिलं. रक्तपुरवठा काही मिनिटं थांबला की पेशीची ऊर्जा संपते आणि तिच्या आतला ॲक्टिनचा सांगाडा ढासळतो. घट्ट सांधे सैल पडतात. रक्ताकडच्या बाजूला खुंटीला बांधलेले सोडियमचे पंप सुटतात आणि नळीकडच्या बाजूला जाऊन बसतात. आता पेशी मीठ परत घेऊ शकत नाही. नळीत पुढे जास्त मीठ पोचतं, तिथला पहारा ते ओळखतो आणि इतकं मीठ वाया जाऊ नये म्हणून त्या नेफ्रॉनकडे येणारी धमनी आवळतो. गाळणं मंदावतं, लघवी घटते, क्रिएटिनिन चढतं. तळापासून सुटलेल्या पेशी नळीत अडकून मळकट तपकिरी साचे बनतात. लघवीचा थेंब काचपट्टीवर घेतला तर ते साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात. प्रत्यारोपणासाठी काढलेल्या मूत्रपिंडातही हेच होतं. नाशिकहून ग्रीन कॉरिडॉरने पुण्या-मुंबईकडे गेलेलं मूत्रपिंड बर्फाच्या पेटीत असताना त्यातल्या पेशी आपली बाजू टिकवण्यासाठी उरलीसुरली ऊर्जा खर्चत असतात. ते बसवल्यावर पहिले काही दिवस लघवी का होत नाही, याचं कारण बरेचदा इथे असतं. अशा मूत्रपिंडांच्या तपासणीत जागा सोडलेले पंप प्रत्यक्ष पाहिले गेले आहेत.

यातली आशेची गोष्ट अशी की बहुतेक पेशी मेलेल्या नसतात. रक्तपुरवठा वेळेत सुधारला तर त्या पुन्हा सांगाडा उभारतात, सांधे आवळतात, पंप जागेवर नेतात, आणि एक ते तीन आठवड्यांत लघवी सुरू होते. तोवर डायलिसिस माणसाला तगवतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्याचा खर्च बसतो. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली ती योजना २०१७ पासून या नावाने चालते. पण वारंवार घाव बसले, किंवा पहिला घाव फार खोल गेला, तर पेशी दिशा परत मिळवण्याऐवजी भोवती तंतू विणू लागतात आणि क्रॉनिक आजाराची सुरुवात होते.

इथे एक स्वस्त तपासणी आहे, तिच्याबद्दल मला कळकळीने लिहायचं आहे. लघवीतलं आणि रक्तातलं सोडियम आणि क्रिएटिनिन, असे चार आकडे घेऊन गाळलेल्या सोडियमपैकी किती टक्के लघवीत निसटलं हे काढता येतं. १ टक्क्याच्या खाली आलं तर पेशी अजून आपली बाजू धरून आहेत; रुग्ण कोरडा पडला आहे, त्याला सलाइन द्या, तो सावरेल. २ टक्क्यांच्या वर गेलं तर बाजू सुटलेली आहे. आता नुसतं पाणी भरत राहिलं तर ते फुप्फुसात साचेल. हा आकडा म्हणजे लाखो पेशींची ध्रुवता एका टक्केवारीत मोजणं आहे. त्यासाठी जनुकीय चाचणी लागत नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागत नाही. ज्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रोलाइट होतात तिथे हे होतं. अट एवढीच की नमुना लॅसिक्स देण्याआधी घ्यायचा, कारण लॅसिक्स धडधाकट पेशीलाही मीठ सोडायला लावतं आणि आकडा खोटा ठरतो. जुना मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांत आणि सापाच्या विषासारख्या काही प्रसंगांत तो जपून वाचावा लागतो.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांचा कारभार १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून चालतो. म्हसरूळच्या त्या आवारातून निघालेला एक कागद गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचतो. पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्रात शिकलेला सोडियम पंप, दुसऱ्या वर्षीचं पॅथॉलॉजीतलं नळीचं मरण आणि वॉर्डातला हा चार आकड्यांचा हिशेब एकाच धाग्याचे आहेत, हे एकत्र बांधून शिकवलं, तर इंटर्नशिपला सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेलेला मुलगा सलाइनची दुसरी बाटली लावण्याआधी, आणि लॅसिक्सचं इंजेक्शन भरण्याच्या आत, लघवीचा नमुना बाजूला काढून ठेवेल.